गिळलेला 'र'

'कार' हा शब्द लंडनचा माणूस नुसता 'का' असा लांबवतो, तर अमेरिकन माणूस शेवटचा 'र' जीभ वळवून म्हणतो. मुळात हा 'र' इंग्लंडातही सगळे म्हणत. स्पेलिंगमध्ये तो आजही आहे, ती त्याच काळाची खूण. अठराव्या शतकात लंडनच्या बाजूला स्वरानंतरचा 'र' विरत गेला. जॉन वॉकरच्या १७९१ च्या उच्चारकोशात तशी नोंदच आहे. पुढे 'र' गिळणं खानदानी ठरलं आणि तो ठणठणीत म्हणणारा इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या डेव्हन-सॉमरसेटचा शेतकरी गावंढळ! स्कॉटलंड-आयर्लंडने मात्र तो सोडला नाही.

बॉस्टन, न्यूयॉर्क या बंदरांचा लंडनशी सतत संबंध, त्यामुळे तिथेही 'र' गळाला. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टही तो गिळत. दुसऱ्या महायुद्धानंतर वारं फिरलं आणि अमेरिकेत 'र' म्हणणारा सुशिक्षित वाटू लागला.

ते किती खोलवर गेलंय, हे भाषाशास्त्रज्ञ विल्यम लॅबोव्ह यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत फिरून दाखवलं. साक्स महागडं, मेसीज मध्यम, क्लाइन स्वस्त. चौथ्या मजल्यावर मिळणारी एखादी वस्तू कुठे आहे, असं ते विक्रेत्याला विचारत. उत्तर येई, 'फोर्थ फ्लोअर'. मग नीट ऐकू न आल्यासारखं पुढे झुकून ते पुन्हा विचारत आणि विक्रेता तेच शब्द सावकाश, जपून म्हणे. दोन शब्दांत दोन 'र', कामाला पुरेसे. साक्समध्ये ६२ टक्के विक्रेत्यांच्या बोलण्यात 'र' आला, मेसीजमध्ये ५१, क्लाइनमध्ये जेमतेम २० टक्के. मेसीजमध्ये तर दुसऱ्या खेपेला 'फ्लोअर'मधला 'र' चांगलाच वाढला. मला हा तपशील सगळ्यांत बोलका वाटतो: आपण कसं बोलायला हवं, याचा धाक त्या माणसांच्या मनात होताच.

'पानी' म्हणणाऱ्या पोराला वर्गात हसतात, तेव्हा असाच धाक रुजतो.

'डॉक्टर', 'कलेक्टर', 'मोटार' आपल्याकडे 'र'सकट आले आणि मराठी माणूस इंग्रजी बोलतानाही बहुधा तो म्हणतोच. त्याला चूक म्हणून हटकणं मला पटत नाही. एडिंबरा आणि डब्लिनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या तो तसाच म्हटला जातोय.