रेशमापासून पीईपर्यंत: स्पिनिंग रीलवरच्या गुंत्याची पार्श्वभूमी

गळाच्या मासेमारीतल्या स्पिनिंग रीलवर ब्रेडेड लाइन, म्हणजे बारीक तंतूंची विणलेली दोरी, भरली की गुंता होणारच, ही समजूत अजून गेलेली नाही. नवख्याला हमखास सल्ला मिळतो की ब्रेडेड बेटकास्टिंग, म्हणजे फिरत्या ढोलाच्या, रीलवर भर, स्पिनिंगवर नायलॉनच बरं. पण स्पिनिंग रील जन्माला आलं ते नायलॉनसाठी नव्हतंच. त्याची पहिली दोरी रेशमाची होती, बारीक आणि लुळी. नायलॉन नंतर आलं, पन्नासएक वर्षं टिकलं आणि तेवढ्या काळात रील, रॉड आणि अँगलरचे, म्हणजे गळ टाकणाऱ्याचे, हात असे तिघेही त्याच्या ताठपणाला सरावले. आजचा बराचसा गुंता त्या सवयीतून येतो.

एकोणिसाव्या शतकात रील म्हणजे फिरणारा ढोल. गळ फेकला की ढोल फिरायचा आणि दोरी सुटायची. हलका गळ असेल तर त्याच्या ओढीने ढोल फिरतच नसे. स्कॉटलंडमधल्या पर्थच्या पीटर मॅलॉक यांनी 1884 मध्ये यावर तोड काढली. त्यांच्या रीलचं स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेलं रीळ, फेकताना काटकोनात वळवायचं, म्हणजे दोरी त्याच्या कडेवरून वेढ्यावेढ्याने निसटते. फेकून झालं की स्पूल पुन्हा सरळ करायचं आणि फिरवून दोरी गुंडाळायची. कल्पना झकास, पण कडेवरून सुटणारा प्रत्येक वेढा दोरीत एक पीळ घालून जाई आणि सरळ गुंडाळताना तो उलगडत नसे. दिवसभर फेकाफेकी केली की दोरी स्वतःभोवतीच वळू लागे. तेव्हा गुंत्याची तक्रार या रचनेइतकीच जुनी आहे, प्लास्टिक यायच्या कितीतरी आधीची.

पुढचं पाऊल टाकलं आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी. ते इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या वस्त्रोद्योगातले. गिरणीत उभ्या बॉबिनच्या टोकावरून सूत कसं सुटतं हे रोज पाहणाऱ्याला ही युक्ती सुचावी यात नवल नाही. 1905 मध्ये त्यांनी पेटंट घेतलेल्या रीलमध्ये स्पूल जागच्या जागी राहतं आणि दोरी गुंडाळणारा भाग त्याच्याभोवती फिरतो. फेकताना प्रत्येक वेढ्याला एक पीळ पडतो, गुंडाळताना तेवढाच उलटा पडतो आणि हिशेब शून्यावर येतो. स्पिनिंग रीलचा पाया आजही हाच आहे. त्यावर बारीक रेशमी दोरी असायची. ती लवचीक होती, पण पाण्याने कुजायची, म्हणून रोज सोडवून वाळवावी लागे.

या पहिल्या रीलांना आजच्यासारखी बेल नव्हती. दोरी पुन्हा पकडीत आणायचं काम हाताचं होतं. पूर्ण बेल, म्हणजे स्पूलवरून पलीकडे जाणारी तारेची कमान, रुळली ती 1930 च्या दशकात. इंग्लंडमधल्या हार्डी कंपनीचं 1932 चं आल्टेक्स हे तिचं प्रसिद्ध उदाहरण. हँडल फिरवलं की कमान आपोआप मिटते आणि दोरी उचलते. सोय मोठी होती. गुंत्याच्या गोष्टीत हीच सोय पुढे खलनायक ठरली, पण तेव्हा कुणाला त्याचा त्रास झाला नाही, कारण तेवढ्यात नायलॉन आलं.

वॉलेस कॅरदर्स यांच्या हाताखाली ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत 1935 मध्ये नायलॉन तयार झालं, 1938 मध्ये ते जाहीर झालं आणि लवकरच त्याची एकपदरी दोरी, आपला तंगूस, गळाला लागली. तो कुजत नाही, वाळवावा लागत नाही, पाण्यात दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर स्पिनिंग रील घराघरात पोचलं ते या तंगुसाच्या जोरावर. फ्रान्सच्या मिचेल रीलांचा मोठा खप याच काळातला. विणलेल्या दोऱ्या संपल्या नाहीत. पॉलिस्टरची डेक्रॉन दोरी होती, पण ती बहुतेक फिरत्या ढोलाच्या रीलांवर, बोटीमागून गळ ओढत नेण्याच्या कामी राहिली.

तंगुसाचा स्वभाव रेशमाच्या उलटा. तो ताठ असतो, स्पूलवरच्या वेढ्यांची सवय धरतो आणि सैल सोडला की बाहेर उसळतो. चुकून ढिला वेढा पडला, तर बरेचदा तो आपणहून उघडतो. फार काठोकाठ भरलेलं स्पूल मात्र एकदम उसळून सगळं अंगावर येतं, तेव्हा स्पूल कडेपर्यंत गच्च भरू नये ही शिकवण त्याच काळातली. बाकी आळस त्याने माफ केला. बेल हँडलने मिटवा, दोरी सैल असताना गुंडाळा, बहुतेक वेळा चालून जायचं. दोन पिढ्या या माफीवर शिकल्या.

मग पॉलिएथिलीन आलं. पिशव्या आणि बादल्यांचं हे साधं प्लास्टिक. मात्र त्याचे रेणू अतिशय लांब असले आणि ते एकाच दिशेने ताणून बसवता आले, तर धागा वजनाच्या तुलनेत पोलादाला कितीतरी मागे टाकतो. नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस जेल स्पिनिंगची पद्धत बसवली: पॉलिमर द्रावकात विरघळवायचं, जेलच्या रूपात धागा काढायचा आणि मग तो अनेक पट ताणायचा. डीएसएमने 1990 मध्ये हेरलेन इथे डायनिमा नावाने त्याचं व्यापारी उत्पादन सुरू केलं. अमेरिकेत तोच प्रकार स्पेक्ट्रा नावाने आधीपासून निघत होता. दोर आणि चिलखतांसाठी बनलेला हा धागा 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात मासेमारीच्या दोरीत विणला गेला. स्पायडरवायर हे त्या लाटेतलं गाजलेलं नाव. जपानमध्ये अशा दोरीला पॉलिएथिलीनवरून सरळ पीई लाइन म्हणतात आणि जाडी क्रमांकाने मोजतात. पीई 1 म्हणजे सुमारे 0.165 मिलिमीटर. तेवढ्याच ताकदीचा तंगूस याच्या दुप्पट जाड भरतो.

सुरुवातीची वर्षं वाईट गेली. दोऱ्या खरखरीत होत्या, काही चपट्याही. धागा इतका गुळगुळीत की नायलॉनच्या सवयीने बांधलेल्या गाठी सरकून सुटत. स्पूलच्या बुडाशी बांधलेली अख्खी दोरीच भरलेल्या स्पूलवर गरगर फिरे आणि माणूस ड्रॅग, म्हणजे जोराची ओढ आली की दोरी सोडणारा ब्रेक, बिघडला म्हणून रील खोलून बसे. रॉडवर दोरी ओवायच्या मऊ धातूच्या कड्यांना, म्हणजे गाइडना, चरे पडत. आणि गुंते तर असे पडत की कात्रीशिवाय उपाय नाही. दोष दोरीला दिला गेला.

गुंता नेमका कसा होतो ते पाहिलं की दोष एकट्या दोरीचा नाही हे कळतं. गळ पाण्यात पडतो, तेव्हा मागे दोरी सैल असते. हँडल फिरवून बेल मिटवली की पहिले एकदोन वेढे ताणाशिवाय स्पूलवर बसतात. तंगूस इथे उसळून सावरतो, पण ब्रेडेडमध्ये ताठपणाच नाही. ढिला वेढा जिथे पडला तिथे पडून राहतो. त्याच्यावर घट्ट वेढे बसतात आणि तो दिसेनासा होतो. पुढच्या फेकीत वरून सुटणारी दोरी त्या फासाला अडकते, पाचदहा वेढे एकदम ओढते, आणि तो गोळा पहिल्या गाइडवर आदळून गाठ होतो. वाऱ्याचं निमित्त होतं एवढंच. समोरून वारा असेल किंवा गळ फार हलका असेल, तर गळ मंदावतो पण स्पूलवरून दोरी सुटत राहते आणि हवेतच तिचं भेंडोळं होतं. गळ पाण्याला टेकण्याआधी स्पूलच्या कडेला बोट लावून सुटणारी दोरी आवरणारे जुने लोक म्हणूनच कमी वैतागतात.

पिळाचा हिशेब वेगळा. मासा दोरी ओढत असताना ड्रॅग घसरतो आणि माणूस उत्साहात हँडल फिरवतच राहतो, तेव्हा दोरी आत येत नाही, नुसता पीळ चढतो. 5:1 गिअरच्या रीलवर हँडलच्या एका फेऱ्याला पाच पीळ, 6:1 वर सहा. ब्रेडेड हा पीळ तंगुसापेक्षा बराच काळ मुकाट्याने सोसते, सैल झाली की मग एकदम वळते. इलिंगवर्थचा शून्याचा हिशेब इथे मोडतो, आणि तो मोडणारा हात अँगलरचाच असतो.

रील बनवणाऱ्यांनी पुढे जे केलं ते माझ्या मते दोरीच्या कामाइतकंच महत्त्वाचं आहे. पीळ कमी घालणारे मोठे, उताराचे लाइन रोलर, म्हणजे बेलजवळ दोरी वळवणाऱ्या चाकी, आले. स्पूलच्या कडेचा आकार बदलला. बारीक दोरीसाठी उथळ स्पूल निघाली, कारण नायलॉनच्या मापाची खोल स्पूल पीईने भरायची तर खाली भराव म्हणून तंगूसच घालावा लागतो. काही स्पूलांच्या बुडाला रबराची पट्टी आली, म्हणजे दोरी फिरणार नाही. गाइडमध्ये सिलिकॉन कार्बाइडच्या कड्या 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून होत्याच, म्हणून चऱ्यांचा प्रश्न लवकर मिटला. 2010 च्या सुमारास गाइड बनवणाऱ्या फुजी कंपनीने पुढे झुकलेल्या चौकटीचे के गाइड आणले. फास अडकलाच तर तो उतारावरून सरकून निघून जावा ही कल्पना.

सर्वात अवघड तडजोड वेढ्यांच्या मांडणीची आहे. स्पूल सावकाश वरखाली झालं तर वेढे शेजारी शेजारी बसतात आणि दोरी गुळगुळीत सुटते. पण जोराची ओढ आली की बारीक दोरी त्या वेढ्यांच्या फटीत रुतते, आणि पुढच्या फेकीत हवेतच झटका देऊन तुटते. स्पूल भराभर हललं तर वेढे एकमेकांना तिरके छेदतात, रुतणं थांबतं, पण फेकीचं अंतर घटतं. जपानच्या शिमानो कंपनीने 2022 च्या स्टेला रीलमध्ये पुन्हा अतिशय सावकाश, दाट मांडणी निवडली आणि रोलरजवळ सैल दोरी घसरू नये म्हणून छोटं पातं बसवलं. आपली दोरी फार ओढ सोसते की फार लांब जाते, यावर कुठली मांडणी बरी ते ठरतं.

दोरीवाल्यांनीही थोडा ताठपणा परत दिला. चारऐवजी आठ पदरांची गोल वीण, वरून लेप, आणि बर्कलीच्या फायरलाइनसारख्या तंतू उष्णतेने एकत्र चिकटवलेल्या दोऱ्या. लेप झिजला की दोरी पुन्हा लुळी होते, म्हणून नवी असताना निमूट वागणारी लाइन काही महिन्यांनी गुंते घालू लागली तर आश्चर्य वाटू नये.

उरतात त्या हाताच्या गोष्टी. दोरी ताणून भरायची, कडेपासून दोनतीन मिलिमीटर खाली थांबायचं. ड्रॅग सुटत असताना हँडल थांबवायचं. आणि बेल हाताने मिटवून, गुंडाळण्याआधी रोलरच्या पुढची दोरी एकदा खेचून घ्यायची. खवळलेल्या किनाऱ्यावर मोठ्या माशांमागे लागणारे काही जण तर व्हॅन स्टालसारखी बेल नसलेली रीलं वापरतात आणि दोरी बोटानेच रोलरवर घेतात.