घोडा लंगडतोय? आधी खूर बघा

घोडेमालकांसाठी माहितीपत्रक
आमच्या नालबंदी व खूरनिगा सेवेकडून, कोल्हापूर

घोडा लंगडायला लागला की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं: "खांदा उतरलाय." मग तेल चोळणं सुरू होतं, आणि कुणी जाणता भेटलाच तर तो डाग द्यायला सांगतो. खांदा कधीच दुखावत नाही असं आम्ही म्हणत नाही. पण घोड्याचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, आणि पुढचा पाय लंगडत असेल तर दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा खुरातच सापडतं. खुराच्या टणक कवचाआड आलेली सूज बाहेर दिसत नाही आणि तिला पसरायला जागाही मिळत नाही, म्हणून तर घोडा इतका कळवळतो. खांद्याला डाग दिला तर जनावर दुहेरी सोसतं आणि खुरातला पू आतच राहतो. कृपा करून खूर तपासल्याशिवाय डाग देऊ नका.

नेमका कोणता पाय?

मोकळ्या दोरीवर, सपाट आणि कडक जमिनीवर घोडा दुडक्या चालीनं पळवा आणि समोरून मान बघा. दुखरा पाय टेकताना मान वर जाते, चांगला पाय टेकताना खाली येते. मागचा पाय असेल तर मागे उभं राहून पुठ्ठे बघा. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. मग एकदा मऊ मातीवर पळवा. डांबरी रस्त्यावर जास्त लंगडतो आणि शेतात बरा चालतो, तर संशय खुरावर.

आता नाडी. घोट्याच्या मागच्या अंगाला, आत आणि बाहेर, दोन बोटं अलगद टेकवा. निरोगी पायात ही नाडी इतकी मंद असते की शोधावी लागते. खुरात दाह असला की ती बोटाखाली ठणठण उडते. दोन्ही पाय ताडून बघा आणि खुराला हात लावून कुठला जास्त गरम आहे तेही बघा. घोडा ठणठणीत असतानाच रोज हात लावायची सवय ठेवलीत तर फरक चटकन कळतो. आमच्या मते प्रत्येक मोतद्दाराला हे एवढं यायलाच हवं.

कोल्हापुरात नेहमी दिसणारी कारणं

खुरात पू होणं हे सगळ्यात जास्त. पावसाळ्यात खूर भिजून मऊ पडतो, खुराची भिंत आणि तळवा जुळतात तिथल्या पांढऱ्या रेषेतून खडा किंवा घाण आत शिरते. काल बरा असलेला घोडा आज पाय टेकवत नाही, मालकाला वाटतं हाड मोडलं. नाल काढून तळवा थोडा तासला की बारीक काळी रेघ दिसते. तिच्या मागे गेलं की राखाडी, घाण वासाचं पाणी दाबानं बाहेर येतं आणि बरेच घोडे तिथल्या तिथे पाय टेकवतात. वाट करून दिली नाही तर पू वर चढतो आणि केस संपून खूर सुरू होतो त्या रेषेवर फुटतो.

नाल मारल्यानंतरचं लंगडणं: खिळा नाजूक भागात घुसला तर घोडा लगेच पाय ओढतो. नुसता जवळून गेला असेल तर त्रास काही दिवसांनी दिसतो. आमच्याकडून नाल मारल्यावर आठवड्याभरात घोडा लंगडला तर संकोच न करता फोन करा. ती तपासणी आम्ही विनामूल्य करतो.

वरातीच्या मांडवात खिळे पडलेले असतात. तळव्याच्या मधल्या मऊ त्रिकोणी भागात खिळा रुतलेला दिसला तर तो उपटू नका. पायाखाली जाड गादी बांधा, घोडा हलवू नका आणि डॉक्टरांना बोलवा. खिळा जागेवर असताना एक्स-रे काढला तर तो सांध्यापर्यंत गेलाय का ते कळतं. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, म्हणून धनुर्वाताची लस कधी दिली ते लिहून ठेवा.

त्या त्रिकोणाच्या खाचांत काळा, कुजका चिकटा म्हणजे ओल्या तबेल्याचा रोग. तबेला कोरडा ठेवा, खूर रोज खरडा.

लॅमिनायटिस: इथे वेळ घालवू नका

घोडा दोन्ही पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन उभा असेल, वळताना अडखळत असेल, दोन्ही खूर गरम आणि नाडी उडत असेल, तर हा लॅमिनायटिस असू शकतो. खुराच्या आतलं हाड भिंतीला धरून ठेवणारे पदर यात सुजतात. ते सुटले तर हाड खाली फिरतं. आपल्या भागात याची कारणं बहुधा गव्हाणीतच असतात: मळी, गुळाचा पेंड, लग्नसराईत वाढवलेला हरभरा. घोड्यानं धान्याच्या पोत्यात तोंड घातल्याचं कळलं की लंगडण्याची वाट बघू नका. लक्षणं एक-दोन दिवसांनी येतात, आणि पाय बर्फात ठेवण्याचा खरा उपयोग त्याआधीच असतो. अशा घोड्याला "मोकळा होईल" म्हणून फिरवू नका.

आमचं काम, डॉक्टरांचं काम

चिमट्यानं खूर दाबून दुखरी जागा शोधणं, नाल काढणं, तासणं हे आमचं. तेवढ्यानं उलगडा झाला नाही, तर डॉक्टर खालून वर एकेक भाग सुन्न करत जातात. ज्या टप्प्यावर लंगडणं थांबतं, तिथे दुखणं. मध्यम वयाचा घोडा महिनोन्महिने आखूड पावलं टाकत असेल, टाच टेकायला कचरत असेल, तर एक्स-रेशिवाय अंदाज बांधू नये. सरकारी फिरत्या दवाखान्यासाठी 1962 हा क्रमांक आहे.

तपासणीआधी वेदनाशामक इंजेक्शन देऊ नका. घोडा बरा चालतो आणि जागा सापडत नाही. दिलंच असेल तर कोणतं, कधी, ते सांगा.

खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो, म्हणून 6 ते 8 आठवड्यांनी तासून घ्या, घोडा लंगडत नसला तरी.

आम्ही यायच्या आधी एवढं करा: शेवटची नाल कधी मारली ते आठवून ठेवा, लंगडतानाचा व्हिडिओ काढा, घोडा ज्याचं ऐकतो तो माणूस हजर ठेवा आणि खुरांना तेल लावू नका.