लवंग, धूर आणि एक षटकोन

"राय व्हिस्की म्हणजे मोहरीची ना? म्हणूनच ती अशी झणझणीत लागते." जुलै २०२५मध्ये भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. स्कॉचवरचं १५० टक्के आयात शुल्क आधी ७५ आणि पुढच्या दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येणार, अशी बातमी आली आणि आमच्या कट्ट्यावर एका संध्याकाळीत सगळे व्हिस्कीतज्ज्ञ झाले. त्यातल्याच एकाचं हे वाक्य. निष्कर्ष चुकीचा, पण जीभ खोटं बोलत नव्हती. राय खरंच तिखटसर लागते. फक्त फोडणीतल्या राईशी तिचं काही नातं नाही. मोहरी ही कोबी-मुळ्याची भाऊबंद. राय हे गव्हाच्या जवळचं, थंडी आणि हलकी जमीन सोसणारं धान्य. जर्मनी-पोलंडकडे त्याचे काळसर पाव करतात आणि ते काही तिखट नसतात.

मग व्हिस्कीत हा लवंगेचा भास येतो कुठून? आणि स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या स्कॉचमध्ये धुराचा वास कुठून येतो? दोन्ही प्रश्न एकाच दारात जाऊन थांबतात, म्हणून हा लेख.

आधी कायदा उरकून टाकू. अमेरिकेत राय व्हिस्की म्हणायचं तर धान्यात किमान ५१ टक्के राय हवी आणि मद्य आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरायला हवं. स्कॉच स्कॉटलंडमध्येच, ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरवावी लागते, पण पीप जुनं चालतं. सिंगल माल्ट असेल तर धान्य एकच: मोड आणून वाळवलेली बार्ली. अमेरिकेत एकदा वापरलेली पिंपं पुन्हा त्या कामाला चालत नाहीत, मग ती बोटीत बसून स्कॉटलंडला जातात. (इंग्रजीत अमेरिकन मंडळी व्हिस्कीच्या स्पेलिंगमध्ये एक 'ई' जादा घालतात. देवनागरीत हा तंटा उद्भवतच नाही.)

आता माझा लाडका रेणू. नाव ग्वायकॉल. शाळेतला बेंझिनचा षटकोन आठवा. त्याच्या एका कोपऱ्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, शेजारच्या कोपऱ्यावर ऑक्सिजनमार्फत लटकलेला मिथाइल गट. झाला ग्वायकॉल. लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन जळताना मोडलं की तो सुटतो. चुलीवरच्या भाकरीला जो वास येतो, त्यात याचा मोठा वाटा. हायवेवरच्या ज्या हॉटेलांनी आत गॅस लावून बाहेर 'चुलीवरचं मटण' अशी पाटी टांगली आहे, त्यांच्याकडे पाटी आहे, ग्वायकॉल नाही.

पण खरी गंमत समोरच्या कोपऱ्यात आहे. त्या जोडीच्या अगदी समोरचा कोपरा मोकळा असेल तर वास धुराचा. तिथे तीन कार्बनची एक विशिष्ट शेपटी लावा: युजेनॉल, म्हणजे दातदुखीला लावतो त्या लवंगतेलाचा मुख्य घटक. शेपटी काढून अल्डिहाइड गट लावा: व्हॅनिलिन, आइस्क्रीममधलं. आणि दोन कार्बनची, मध्ये दुहेरी बंध असलेली शेपटी लावली तर व्हिनाइल ग्वायकॉल, पुन्हा लवंगेच्या वळणाचा मसालेदार वास. धूर, लवंग आणि व्हॅनिला ही एकाच घरची भावंडं आहेत. आपलं नाक त्यांना ओळखतं ते शेपटीवरून.

रायच्या दाण्यात पेशींच्या भिंती अरॅबिनोझायलान नावाच्या चिकट शर्करेने भरलेल्या असतात. त्यामुळे रायचं पीठ पाण्यात शिजवलं की खळीसारखं चिकट होतं आणि भट्टीवाले वैतागतात. या शर्करेला फेरुलिक आम्ल चिकटलेलं असतं. फेरुलिक आम्ल म्हणजे आपला ग्वायकॉलच, समोर तीन कार्बनची शेपटी, तिच्या टोकाला आम्लाचा गट. यीस्टला हे आम्ल मानवत नाही. ते टोक तोडून कार्बन डायऑक्साइड म्हणून सोडून देतं. उरतात दोन कार्बन. वर सांगितलेला व्हिनाइल ग्वायकॉल तयार! बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरला लवंगेचा वास येतो तोही याच कापाकापीतून. फेरुलिक आम्ल बार्लीतही असतं, पण रायचा हात सढळ. शिवाय कोरं पीप स्वतःचं युजेनॉल आणि व्हॅनिलिन ओततं ते वेगळंच.

आयलाचा धूर मात्र धान्यातून येत नाही, पिंपातूनही नाही. तिथे झाडं कमी आणि पीट मुबलक. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेले, अर्धवट कुजलेले वनस्पतींचे थर. मोड आलेली बार्ली वाळवताना खाली पीट जाळतात आणि ओलसर दाणे धूर धरतात. 'तिथल्या ओढ्याचं पाणीच पीटमधून येतं, म्हणून धूर लागतो' ही कथा तेवढी सोडून द्यावी. पाणी पीटमुळे तांबूस होतं, धुरकट होत नाही. त्या धुरात ग्वायकॉलबरोबर साधा फिनॉल आणि क्रेसॉलही असतात, म्हणून पहिल्या घोटाला अनेकांना दवाखाना आठवतो. आठवण चुकीची नाही. फिनॉल म्हणजेच कार्बोलिक आम्ल. जोसेफ लिस्टरने १८६५ साली त्यात भिजवलेल्या पट्ट्या जखमेवर बांधल्या, त्या ग्लासगोतच. म्हणून व्हिस्की औषधी ठरत नाही, आणि सर्दीवर दोन चमचे ब्रँडी पाजणाऱ्यांनीही खूश होऊ नये: मद्य हे सिद्ध कर्ककारक आहे.

बाटलीवर मिरवला जाणारा फिनॉलचा आकडाही जपून वाचावा. तो बहुधा वाळवलेल्या धान्यात मोजलेला असतो. पेल्यात येईपर्यंत त्यातलं बरंच गळून जातं.

पाणी घालावं की नाही, यावरही ग्वायकॉलला विचारता येतं. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी २०१७मध्ये संगणकावर रेणूंची हालचाल मांडून पाहिली. मद्यार्क ४५ टक्क्यांपर्यंत असताना ग्वायकॉल पृष्ठभागाजवळ, म्हणजे नाकाजवळ, राहतो. ५९ टक्क्यांच्या वर गेलं की मद्यार्काचे रेणू त्याला घेरून आत ओढतात. पिंपातून थेट काढलेल्या कडक व्हिस्कीत पाण्याचे थेंब घालणारा माणूस अडाणी नसतो तो असा.

आपल्याकडची बरीचशी स्वस्त 'व्हिस्की' मात्र साखर कारखान्याच्या मळीपासून काढलेल्या, जवळजवळ शुद्ध मद्यार्कावर उभी असते. त्यात ना धान्याचं फेरुलिक आम्ल, ना पीटचा धूर.

राहता राहिला प्रश्न, रायच्या लवंगेत धान्य किती आणि पीप किती. याचा एक नमुना इतिहासाने करून ठेवला आहे. जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन इस्टेटीवर १७९७मध्ये भट्टी लागली. ६० टक्के राय, ३५ टक्के मका, ५ टक्के मोड आलेली बार्ली. १७९९ साली सुमारे ११ हजार गॅलन निघाली आणि विकली गेली ती बहुतेक न मुरवताच, पाण्यासारखी पांढरी. पीप नाही, पीट नाही, मसाला असेल तो धान्य आणि यीस्टचाच. आणि वॉशिंग्टनच्या गळी ही कल्पना उतरवणारा त्याचा शेतीचा कारभारी, जेम्स अँडरसन, होता स्कॉटलंडचा.