डबल रोल फोटो

एकाच फोटोत एकच माणूस दोनदा, तीनदा किंवा दहादा दिसतो, आणि ते सगळे त्याच जागी, त्याच वेळी एकमेकांसोबत बसल्यासारखे वाटतात, अशा जोडून केलेल्या फोटोला विदर्भातल्या स्टुडिओवाल्यांकडे डबल रोल म्हणतात. तीन असले तरी डबल रोलच, पाच असले तरी डबल रोलच. मोबाईलवर करणारी पोरं क्लोन फोटो म्हणतात, शिकून आलेले फोटोग्राफर मल्टिप्लिसिटी म्हणतात. याच्या बरोबर उलटं काम म्हणजे अनेक माणसांचे चेहरे एकावर एक टाकून एकच चेहरा बनवणं, ते इंग्लंडच्या फ्रान्सिस गॉल्टनने १८७० च्या दशकात केलं होतं, त्याचा इथे संबंध नाही, फक्त दोन्हीला कंपोझिट म्हणत असल्याने लोकांचा गोंधळ होतो म्हणून सांगितलं.

कल्पना एका ओळीची आहे. कॅमेरा एका जागी घट्ट ठेवायचा, माणसाने जागा बदलत जायचं, प्रत्येक जागेवर एक फोटो घ्यायचा आणि नंतर प्रत्येक फोटोतून माणूस असलेला तेवढाच भाग घेऊन बाकी सगळं एकच ठेवायचं. कॅमेरा हलला नाही आणि उजेड बदलला नाही तर जोड शोधूनही सापडत नाही. या दोन गोष्टी बिघडल्या तर मग कोणतंही सॉफ्टवेअर आणा, रात्रभर बसा, काहीतरी खटकतंच. लोक उगाच विचारतात की ॲप कोणतं वापरलं, खरं म्हणजे ऐंशी टक्के काम बटन दाबायच्या आधी झालेलं असतं.

आता चौकाचौकात लागलेले फ्लेक्स. वाढदिवस कोणत्याही भाऊंचा असो, बॅनरवर भाऊ तीन वेळा असतातच, एक हात जोडून, एक फोन कानाला लावून, एक गॉगल घालून समोर चालत येताना. एकच माणूस अनेकदा आहे हे खरं, पण त्याला डबल रोल म्हणणं मला पटत नाही. तिथे तिन्ही भाऊ वेगवेगळ्या दिवशीच्या फोटोतून कापून ढगांवर चिकटवलेले असतात, एकावर उजेड डावीकडून, दुसऱ्यावर उजवीकडून, आणि पायाखाली सावली कुणाच्याच नाही. डबल रोलमध्ये जागा एक लागते, उजेड एक लागतो आणि त्यातल्या माणसांचं आपसात काहीतरी चालू असावं लागतं, नाहीतर ती नुसती चिकटवाचिकटवी.

हा प्रकार कॉम्प्युटरने आणला असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही. ऑस्कर रेलँडर या इंग्लंडात राहणाऱ्या फोटोग्राफरने १८५७ मध्येच तीसच्या वर निगेटिव्ह जोडून एक भलंमोठं चित्र तयार केलं होतं, आणि नंतर १८७१ च्या सुमारास चित्रकाराच्या वेशातला स्वतः हा सैनिकाच्या वेशातल्या स्वतःची ओळख करून देतोय असा फोटोही काढला. कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात स्टुडिओ चालवणाऱ्या हॅना मेनार्ड बाईंनी १८९० च्या दशकात स्वतःचे असे फोटो काढले, त्यात स्वतःच स्वतःसोबत चहाला बसलेल्या आणि भिंतीवरच्या फोटोफ्रेममधून वाकून तिसरीच हॅना खाली बसलेलीच्या डोक्यावर काहीतरी ओततेय. विनोदबुद्धी लागते बाप्पा याला! फ्रान्सचा चित्रकार तुलूझ-लोत्रेक याचाही त्याच काळातला एक फोटो आहे, मोरिस गिबेर नावाच्या मित्राने काढलेला, त्यात एक लोत्रेक चित्र काढतो आणि दुसरा लोत्रेक मॉडेल बनून समोर बसतो.

सिनेमानेही हीच युक्ती उचलली. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएस या सिनेमावाल्याने १९०० मध्ये तीच फिल्म पुन्हा पुन्हा मागे गुंडाळून पडद्यावर सात मेलिएस एका रांगेत बसवले. अमेरिकेचा विनोदी नट बस्टर कीटन याने १९२१ मध्ये एका शॉटमध्ये नऊ कीटन आणले, त्यासाठी लेन्ससमोर उभ्या पट्ट्यांची झडप होती आणि एकेक पट्टी उघडून तीच फिल्म परत परत चालवली गेली. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांच्या १९१७ च्या लंका दहनमध्ये अण्णा साळुंके या एकाच नटाने रामही केला आणि सीताही. स्टुडिओतल्या फोटोला डबल रोल हे नाव चिकटलं ते सिनेमामुळेच. विदर्भाला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या नागदा गावच्या स्टुडिओंचा ख्रिस्तोफर पिनी या ब्रिटिश अभ्यासकाने अभ्यास केलाय, त्यातही एकाच गिऱ्हाइकाचे असे दोन-दोन, तीन-तीन वेळा दिसणारे फोटो आहेत, म्हणजे छोट्या गावातल्या माणसाला स्वतःला दोनदा बघायची हौस जुनीच आहे.

आरशाची एक पद्धत वेगळीच. दोन आरसे ७२ अंशाच्या कोनात उभे करून त्यांच्यासमोर माणूस बसवला आणि मागून फोटो घेतला की एक खरा आणि चार प्रतिबिंबं असे पाच जण गोल बसलेले दिसतात, कारण ३६० भागिले ७२ बरोबर पाच. फ्रेंच कलाकार मार्सेल द्युशां याचा १९१७ चा न्यूयॉर्कमधला फोटो असाच आहे. यात जोडाजोडी काहीच नाही, पण सगळ्यांची पोझ सारखीच राहते, त्यामुळे गोष्ट काही घडत नाही.

रोलच्या जमान्यात तालुक्याच्या स्टुडिओत हे कसं व्हायचं ते समजून घेण्यासारखं आहे. त्यावेळचा यशिका डी किंवा यशिका ६३५ सारखा दोन लेन्सचा कॅमेरा यासाठी फार सोयीचा, कारण त्यात शटर (उजेड आत सोडणारी झडप) चढवायचा खटका वेगळा आणि रोल पुढे सरकवायची चावी वेगळी. रोल न सरकवता शटर पुन्हा चढवा, त्याच फिल्मवर दुसरा फोटो पडतो. फोटोग्राफर लेन्सच्या थोडं पुढे, हूडच्या (लेन्सवर बसवलेल्या नळीच्या) तोंडावर, काळ्या कागदाचा अर्धा पडदा लावायचा. अगदी लेन्सला चिकटवून लावला तर फोटो नीट अर्धा कापला जात नाही, नुसता उजेड कमी होतो, म्हणून ते दोन-चार सेंटिमीटरचं अंतर पाहिजेच. डावा भाग झाकून उजवीकडे बसलेल्याचा फोटो, मग पडदा फिरवून उजवा भाग झाकायचा आणि गिऱ्हाईक डावीकडे. प्रत्येक अर्ध्याला उजेड एकदाच मिळतो म्हणून एक्स्पोजर (फिल्मवर पडणारा उजेड) कमी करायची गरज नाही, पण ॲपर्चर (लेन्सचं भोक) दोन्ही वेळी तेच पाहिजे, नाहीतर मधे काळी किंवा पांढरी पट्टी येते. वरून बघायच्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, शिवाय पडदा खालच्या लेन्सवर असल्यामुळे काचेत तो दिसतच नाही, म्हणजे सगळा अंदाजाचा खेळ, आणि बरोबर आलं की नाही ते रोल धुतल्यावरच कळणार. पडद्याऐवजी मागे काळं मखमली कापड टांगूनही जमायचं, कारण काळ्यातून फिल्मवर काही उमटत नाही. साध्या भिंतीपुढे पडदा न लावता दोन फोटो घेतले तर मात्र भिंत माणसाच्या अंगातून आरपार दिसते आणि भूत तयार होतं.

या पद्धतीची मर्यादा म्हणजे मधली रेषा. पोरगं म्हणणार, "काका, माह्याच खांद्यावर मी हात ठेवतो ना, मस्त दिसन," आणि काका म्हणणार, "हात तिकडे नेला त कापल्या जाईन बे, तू आपला गुमान मांडीवर ठेव." म्हणून जुने डबल रोल बघा, दोघं नेहमी अंतर ठेवून बसलेले, मधे स्टुलावर फुलदाणी नाहीतर टेलिफोन.

फोटोशॉप १९९० मध्ये आलं आणि १९९४ च्या तिसऱ्या व्हर्जनमध्ये त्यात लेअर, म्हणजे एकावर एक ठेवता येणारे फोटोंचे थर, आले, तिथून मधली रेषा गेली. आता एक फोटो खाली, दुसरा वर, वरच्याला मास्क लावायचा, काळ्या ब्रशने खोडलं की खालचं दिसतं, पांढऱ्याने घासलं की परत येतं. फुकटात करायचं असेल तर कॉम्प्युटरवर गिंप आहे, ब्राउझरमध्ये फोटोपी आहे, मोबाईलवर स्नॅपसीड आणि पिक्सआर्टमध्येही होतं. कॅमेरा केसभर हलला असेल तर फोटोशॉपचं लेअर आपोआप जुळवणारं टूल, जे २००७ च्या सीएस३ पासून आहे, ते बऱ्यापैकी सांभाळून घेतं, पण केसभरच, हातात धरून काढलेल्या फोटोंना त्याच्या भरवशावर सोडू नये.

एक उदाहरण घेऊ, घराच्या ओसरीत एकच पोरगा स्वतःशीच कॅरम खेळतोय, चारही बाजूंना तोच. ट्रायपॉड नसेल तर मोबाईल खिडकीत विटांमधे पक्का बसवा, दहा सेकंदाचा टायमर लावा, नाहीतर दर वेळी बटन दाबताना फ्रेम सरकते. ऑटोवर ठेवू नका, पोरगा पांढरा शर्ट घालून जवळ आला की मोबाईल आपणहून उजेड कमी करतो आणि चार फोटोत भिंतीचे चार रंग येतात. प्रो मोड असेल तर आयएसओ (उजेड किती पकडायचा), शटर (तो किती वेळ आत घ्यायचा), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) चारही हाताने पक्के करा, नसेल तर स्क्रीनवर बोट दाबून धरून लॉक तरी करा. ओसरीत एलईडी बल्ब असेल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने बल्ब सेकंदाला शंभरदा लुकलुकतो आणि भलत्याच शटरवर फोटोत पट्टे येतात. व्होल्टेज खालीवर होत असेल तर बल्बचा नादच सोडा, दिवसा काढा.

मग सगळ्यात आधी रिकाम्या ओसरीचा एक फोटो. हा फार कामी येतो आणि घाईत नेमका हाच राहून जातो. त्यानंतर पोरगा एका बाजूला बसतो, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. बोर्ड आणि गोट्या कुणीही हलवायच्या नाहीत, कारण गोट्या फक्त एकाच फोटोतल्या ठेवायच्या असतात आणि दुसऱ्या फोटोतला हात जिथे गोटीवर येतो तिथे ती सरकलेली असली तर तिथेच पितळ उघडं पडतं. स्ट्रायकर एकाच पोराकडे, बाकीच्यांचे हात बोर्डाच्या बाहेर. नजर हा सगळ्यात मोठा भाग आहे, समोर कुणी नसताना माणूस हवेत बघतो आणि ते लगेच कळतं, म्हणून समोरच्या जागी बसल्यावर डोळे येतील तेवढ्या उंचीचा बांबू किंवा उभा झाडू ठेवायचा आणि त्याच्या टोकाकडे बघायचं. एक चिडलेला, एक हसणारा, एक चोरून गोटीवर डोळा ठेवणारा आणि चौथा मोबाईलमधे डोकं घातलेला असं काही ठरवून घेतलं तर फोटोला मजा येते, चारही जण कॅमेऱ्याकडे बघून हसले तर तो पासपोर्ट साईजचा कागद वाटतो.

जोडताना पुढे बसलेल्याचा लेअर वर, मागच्याचा खाली. माणसासोबत त्याची सावलीही घ्यायची, ती विसरली की माणूस जमिनीपासून उचलल्यासारखा दिसतो. दोन सावल्या एकमेकींवर येत असतील तर काम वाढतं, म्हणून नवशिक्यांनी आधी लांब लांब बसून काढावं.

वावरात काढायचं तर प्रश्न वेगळे. पऱ्हाटीत म्हणजे कपाशीत एकच माणूस डवरणी करतोय, फवारा मारतोय, बोंडं वेचतोय आणि धुऱ्यावर बसून भाकर खातोय, अशी कल्पना सगळ्यांनाच सुचते, पण वारा थांबत नाही, पानं दर फोटोत वेगळी. त्यावर उपाय म्हणजे जोड पानांतून न नेता पऱ्हाटीच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या मातीवरून न्यायचा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो म्हणजे चार मिनिटांत एक अंश, त्यामुळे सगळे फोटो पाच-सात मिनिटांत उरकले तर सावल्या जुळतात, अर्धा तास घोळ घातला तर संध्याकाळच्या लांब सावल्यांची दिशा आणि लांबी दोन्ही उघडपणे बदलतात. श्रावणातलं ऊन-पावसाचं आभाळ सगळ्यात वाईट, दर मिनिटाला उजेड वेगळा, त्यापेक्षा पूर्ण ढगाळ दिवस कितीतरी बरा. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा माणसाचं सोडा, उन्हात लावून ठेवलेला मोबाईलच गरम होऊन कॅमेरा बंद करतो.

पॅनोरामानेही हे होतं, कोणतीही जोडाजोडी न करता. मोबाईल डावीकडून उजवीकडे हळू फिरवायचा, माणूस डावीकडे उभा, तो फ्रेममधून गेला की त्याने फोटो काढणाऱ्याच्या मागून पळत जाऊन उजवीकडे उभं राहायचं. १९०४ च्या पेटंटचा फिरता सर्कट कॅमेरा शाळांचे लांबलचक ग्रुप फोटो काढायचा तेव्हा वात्रट पोरं हेच करायची आणि दोन्ही टोकांना दिसायची. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन उभं असलेलं एकच पोट्टं रांगेत दोनदा आणायला ही पद्धत पुरते, फक्त त्याला पळताना मोबाईलच्या पुढून जाऊ देऊ नका.

लग्नाच्या करिझ्मा अल्बममध्ये (पानभर फोटो छापलेला डिजिटल अल्बम) नवरदेव स्वतःलाच फेटा बांधतोय असे फोटो हमखास मागितले जातात. हौस म्हणून ठीक आहे. बातमीसाठी असलं काहीही चालत नाही, तिथे फोटोत माणूस वाढवणं म्हणजे खोटेपणाच, आणि स्पर्धेला पाठवायचा असेल तर आधी नियम वाचावेत. अल्बमसाठी मोबाईलवर काढणाऱ्यांनी आकाराचा हिशोबही करून ठेवावा. १२ बाय ३६ इंचाचं पूर्ण पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) छापायचं तर १०,८०० बाय ३,६०० पिक्सेल लागतात, आणि १२ मेगापिक्सेलचा मोबाईल आडवे ४,००० च देतो, म्हणजे पानभर ताणला तर इंचाला १११ पिक्सेल उरतात आणि चेहरे मऊ पडतात. तेवढा एक फोटो पानाच्या तिसऱ्या हिश्श्यात, १२ बाय ९ इंचात लावायला सांगितलं तर मात्र झकास येतो.