सप्टेंबरात फुललेला तो 'गुलमोहर' बहुतेक कोल्व्हिलिया असतो

पाऊस ओसरायला लागला की दरवर्षी कुणीतरी फोटो टाकतं, "अवकाळी गुलमोहर फुललाय", आणि खाली लगेच हवामान बदलाची चर्चा सुरू होते. पण बऱ्याचदा ते झाड गुलमोहर नसतंच, ते कोल्व्हिलिया असतं आणि अगदी आपल्या वेळेवर फुललेलं असतं.

घोळ होणं साहजिक आहे. दोन्हींची पानं जवळपास सारखीच, बारीक बारीक पर्णिकांची, त्यामुळे फुलं नसताना लांबून भलेभले फसतात. दोन्ही मूळची मादागास्करची, आणि वेन्सेस्लास बोयर नावाच्या एकाच वनस्पतीतज्ज्ञामुळे १८२९ ते १८३४ च्या दरम्यान शास्त्राला माहीत झाली. कोल्व्हिलियाला नाव मिळालं ते मॉरिशसचे तेव्हाचे गव्हर्नर चार्ल्स कोल्व्हिल यांचं. फरक असा की गुलमोहराच्या प्रजातीतली (प्रजाती म्हणजे genus, जवळच्या जातींचा गट) काही झाडं आफ्रिकेतही आहेत, कोल्व्हिलियाच्या प्रजातीत मात्र जगात झाडाची एकच जात आणि तीही मूळची फक्त मादागास्करची. मला हे फार भारी वाटतं, म्हणजे आपल्या रस्त्यावर उभं असलेलं हे झाड एका अख्ख्या प्रजातीचं एकटं प्रतिनिधी आहे!

आता ओळखायचं कसं तर आधी कळ्या बघा. कोल्व्हिलियाच्या कळ्या गोल, मखमली, केशरी आणि फांदीच्या टोकाला खाली लोंबणाऱ्या लांब घोसात गच्च भरलेल्या, थेट द्राक्षांचा घड वाटावा अशा. त्या वरून खाली उमलत जातात पण फूल कधी सपाट पसरत नाही, अर्धवट मिटल्यासारखंच राहतं आणि त्यातून पिवळे पुंकेसर बाहेर डोकावतात. गुलमोहराचं फूल चांगलं मोकळं, पाच सुट्या पाकळ्या आणि त्यातली एक वेगळी, पांढरट-पिवळी ठिपकेवाली. शाळेत असताना सगळ्यांनी हातात घेतलेलं आहेच ते.

गुलमोहर एप्रिल ते जून, कोल्व्हिलिया साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर, पण नुसत्या महिन्यावर जाऊ नका कारण एखादा गुलमोहर पावसानंतरही चार फुलं काढतो.

फुलांचा सीझन हुकला तर शेंगा बघा, गुलमोहराच्या हातभर लांब, चपट्या, लाकडासारख्या कडक आणि महिनोन् महिने झाडावरच लटकलेल्या, कोल्व्हिलियाच्या बऱ्याच आखूड आणि फुगीर.