पॉइंटर आणि कन्स्ट्रक्टरमधील चुका

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये, विशेषतः सी++ भाषेत, ऑब्जेक्ट घडवताना आणि त्याचा पत्ता सांभाळताना होणाऱ्या चुकांचा गट. क्लास म्हणजे ऑब्जेक्टचा आराखडा. कन्स्ट्रक्टर हे क्लासच्याच नावाचे फंक्शन असून ऑब्जेक्ट तयार होताच ते आपोआप चालते. पॉइंटरमध्ये मेमरीतला पत्ता असतो. क्लासमधल्या पॉइंटरला पहिला खरा पत्ता देणे हे कन्स्ट्रक्टरचे काम. ते राहून गेले तरी प्रोग्रॅम बहुधा तिथे कोसळत नाही. पुढे कुठेतरी, भलत्याच ओळीवर कोसळतो. विद्यार्थी ती ओळ तासन्‌तास तपासत बसतो आणि तिच्यात दोष नसतोच.

ब्यार्न स्ट्रूस्ट्रुप यांनी बेल लॅब्जमध्ये १९७९ साली या भाषेचे काम सुरू केले. सी++ हे नाव १९८३ मध्ये पडले. सी या जुन्या भाषेशी नाते राखायचे असल्याने पॉइंटर जवळजवळ जसेच्या तसे आले. क्लासमधल्या साध्या पॉइंटरला किंमत दिली नाही, तर त्यात आधीचा कचरा राहू शकतो.

मुंबईकराला हे चाळीच्या पत्त्यावरून लवकर उमगते. वरळीच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकातल्या. आता त्यांचा पुनर्विकास चालू आहे. चाळ पाडली म्हणून गावच्या वहीतला चाळ क्रमांक, खोली क्रमांक पुसला जात नाही. डिलीट केलेल्या, म्हणजे परत मोकळ्या केलेल्या मेमरीकडे बोट दाखवणारा डँगलिंग पॉइंटर असाच असतो. त्या जागी नवे कुणी राहायला आले असेल, तर पत्र त्याच्या हाती पडते आणि प्रोग्रॅम न कोसळता चुकीचे उत्तर देतो. कोसळण्यापेक्षा हे जास्त घातक.

प्रॅक्टिकलला वारंवार दिसणारी एक चूक सविस्तर सांगण्याजोगी आहे. क्लासमध्ये ‘यादी’ नावाचा पॉइंटर आहे. कन्स्ट्रक्टरमध्ये ‘न्यू’ हा मेमरी मागणारा शब्द वापरून जागा घेताना विद्यार्थी सवयीने डाव्या बाजूला पुन्हा टाइप लिहितो, इंट आणि तारांकन. झाले! त्याच नावाचा नवा स्थानिक पॉइंटर तयार होतो, जागेचा पत्ता त्याला मिळतो आणि कन्स्ट्रक्टर संपताच तो नाहीसा होतो. क्लासमधली ‘यादी’ कोरडीच राहते. घेतलेली जागाही कुणाच्या हाती उरत नाही. प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर याला चूक मानत नाही. जीसीसी या कंपायलरमध्ये शॅडो वॉर्निंग (एका नावाने दुसरे झाकले गेल्याची सूचना) मुद्दाम चालू केली, तर मात्र इशारा मिळतो.

दुसरी मोठी चूक कॉपीची. कॉपी कन्स्ट्रक्टर लिहिला नाही, तर कंपायलर स्वतःचा बनवतो आणि तो फक्त पत्ता उतरवतो. एकाच खोलीच्या किल्ल्या दोघांकडे जातात, दोन्ही डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट संपताना आपोआप चालणारी फंक्शने) तीच जागा मोकळी करू पाहतात आणि ‘डबल फ्री’ होते. ऑब्जेक्ट फंक्शनला व्हॅल्यूने, म्हणजे प्रत काढून, पाठवला की हे नकळत घडते. म्हणून डिस्ट्रक्टर, कॉपी कन्स्ट्रक्टर आणि असाइनमेंट ऑपरेटर यांतले एक हाताने लिहावे लागले, तर तिन्हींचा विचार करावा, असा नियम रूढ आहे.

आणखी दोन गोष्टी. क्लासचे मेंबर, म्हणजे त्याच्यातले घटक, कन्स्ट्रक्टरला जोडलेल्या इनिशियलायझर लिस्टमधल्या (सुरुवातीच्या किमतींच्या यादीतल्या) क्रमाने नव्हे, तर क्लासमधल्या घोषणेच्या क्रमाने तयार होतात. बेस (मूळ) क्लासच्या कन्स्ट्रक्टरमधून व्हर्च्युअल, म्हणजे डिराइव्ह्ड (वारसदार) क्लासला बदलता येणारे, फंक्शन बोलावले, तर बेसचेच चालते, कारण डिराइव्ह्ड भाग अजून जन्मलेला नसतो.

मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत टर्बो सी++ हा जुना कंपायलर बराच काळ वापरात होता. तो चाले त्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमवर मेमरीला संरक्षण नसे. नल पॉइंटरवर (कशाकडेच बोट न दाखवणाऱ्या पॉइंटरवर) लिहिले तरी प्रोग्रॅम चालत राही आणि ‘स्मॉल’ नावाच्या मेमरी मांडणीत अगदी शेवटी ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ एवढाच संदेश येई. कोणती ओळ, ते नाही. त्यामुळे जर्नलमध्ये आउटपुट बरोबर आणि प्रोग्रॅम चुकीचा, असे सहज होई. तोच प्रोग्रॅम लिनक्सवर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याची चूक) देतो, तेव्हा दोष लिनक्सचा नसतो.

शोध घेताना कोसळलेल्या ओळीवरून मागे जावे: जीडीबी या चुका शोधण्याच्या साधनात बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले ती साखळी) काढावा, पॉइंटरची किंमत पाहावी, मग त्याला शेवटचा पत्ता कुठे मिळाला ते शोधावे. किंमतही बोलकी असते. व्हिज्युअल सी++च्या डिबग बिल्डमध्ये (चुका शोधण्यासाठीच्या आवृत्तीत) हेक्स अंकांतली ‘सीडी’ची (CD CD CD) माळ दिसली, तर हीपवरची, म्हणजे न्यूने मिळणाऱ्या मेमरीतली, जागा घेतली पण भरली नाही, ‘डीडी’ची (DD DD DD) दिसली, तर ती जागा मोकळी केलेली आहे. जीसीसी आणि क्लँग या कंपायलरांमधला अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी सोय) मोकळ्या केलेल्या जागेच्या वापराबद्दल तीन ठिकाणे दाखवतो: चुकीचा वापर कुठे झाला, जागा कुठे मोकळी झाली आणि ती मुळात कुठे घेतली होती. नवखे पहिलेच वाचून थांबतात. कॉपीची चूक असेल, तर दुसऱ्या ठिकाणी डिस्ट्रक्टरचे नाव दिसते, आणि तो कोणत्या ऑब्जेक्टसाठी चालला हे पाहिले की न लिहिलेला कॉपी कन्स्ट्रक्टर सापडतो.