सेझाँमधली मिरी कुठून येते?

बेल्जियममधल्या ल्यूव्हनला आमच्याकडे देशातून कोणी आलं की जेवणाआधी एखादी सेझाँ, म्हणजे इथल्या शेतांवरून आलेल्या प्रकारची बिअर, उघडायची, असा घरचा शिरस्ता आहे. पहिल्या घोटाची प्रतिक्रियाही ठरलेली असते. मामेभाऊ आला होता तेव्हा त्याने पेला नाकाशी नेला, घोट घेतला आणि म्हणाला, "दादा, यात मसाला आहे. लवंग तर नक्कीच. मिरीपण." मी बाटली फिरवून त्याला घटक दाखवले: पाणी, बार्लीचं मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (बिअरला कडू करणारी फुलं), यीस्ट. त्याचं समाधान झालं नाही. "लिहीत नसतील," म्हणाला.

हा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की बिअर आवडीने पिणारेही त्यात सापडतात. विट नावाच्या बेल्जियन गव्हाच्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात, त्यामुळे सगळ्याच बेल्जियन बिअरमध्ये काहीतरी वाटून घातलेलं असणार असं लोक धरून चालतात. ही शंका फेडायची उत्तम सोय बेल्जियमच्या फ्रेंचभाषक भागात, एनो प्रांतात, आपसूक झालेली आहे. तिथे ल्योझ-आं-एनो नावाच्या एकाच नगरपालिकेत तूर्प आणि पिपे ही दोन खेडी आहेत. तूर्पचं शेत १७५९ पासूनचं, आणि तिथे १८४४ पासून बिअर बनते. १९२० मध्ये ते शेत द्युपाँ कुटुंबाने घेतलं. त्यांची सेझाँ द्युपाँ, ६.५ टक्के अल्कोहोलची, आज या प्रकाराचा मापदंड मानली जाते आणि तिच्यात मसाल्याचा कणही नसतो. पिपेमधली १७८५ ची ब्रुअरी वाफेच्या इंजिनावर चालण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिच्या सेझाँ द पिपेमध्ये मात्र मिरी आणि आलं राजरोस पडतं. या दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवून प्यायल्या की यीस्टने बनवलेला मसाला आणि माणसाने घातलेला मसाला यांतला फरक जिभेवरच कळतो.

आधी लवंगेचं बघू. धान्याच्या पेशीभित्तिकांमध्ये फेरुलिक आम्ल नावाचा पदार्थ असतो. गंमत म्हणजे तो १८६६ मध्ये पहिल्यांदा वेगळा केला गेला तो धान्यातून नव्हे, आपल्या फोडणीतल्या हिंगातून. मॉल्ट गरम पाण्यात भिजवलं की हे आम्ल थोडंफार सुटं होतं आणि यीस्टच्या पेशीत शिरतं. यीस्टला ते मानवत नाही. मग यीस्ट त्या रेणूतला एक कार्बन डायऑक्साइड तोडून टाकतं. उरतं ते ४-व्हिनाइलग्वायाकॉल. लवंगेला लवंगेचा वास देणारं युजेनॉल आणि हे व्हिनाइलग्वायाकॉल यांच्यात एका कार्बनचा फरक आहे: कडी तीच, कडीवरचे इतर गट तेच, फक्त शेपटीत तीनऐवजी दोन कार्बन. मामेभावाच्या नाकाची चूक नव्हती.

हे काम करायला यीस्टला पीएडी-१ आणि एफडीसी-१ असे दोन जनुक लागतात. दुसऱ्याचं विकर प्रत्यक्ष तोडणी करतं, पहिलं त्याला लागणारा सहघटक बनवून देतं. रानातल्या यीस्टमध्ये दोन्ही धड असतात. २०१६ मध्ये ल्यूव्हनच्याच शास्त्रज्ञांनी इतरांसोबत १५७ यीस्टचे जीनोम वाचले तेव्हा दिसलं, की बिअर बनवणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या बऱ्याच यीस्टमध्ये हे जनुक मोडलेले आहेत. कोणाला जनुक ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. लवंगेचा वास आलेलं पिंप लोकांनी फेकलं, न आलेल्या पिंपाचा गाळ पुढच्या खेपेला वापरला. निवड आपोआप झाली. सेझाँ, विट आणि जर्मन गव्हाची बिअर यांच्या यीस्टमध्ये ते शाबूत राहिले.

पण लवंगेचा वास त्या जर्मन गव्हाच्या बिअरलाही असतो. ती भरदार आणि किंचित गोडसर लागते, सेझाँ मात्र घशाखाली उतरली की तोंड कोरडं करून जाते. हा कोरडेपणाच सेझाँची खरी ओळख आहे असं माझं मत आहे, आणि त्यामागचं कारण मला लवंगेपेक्षा कितीतरी जास्त आवडतं. जरा सविस्तर सांगतो.

पोळीचा घास चावत राहिला की गोड लागू लागतो, हे शाळेत करून पाहिलेलं असतं. लाळेतलं अमायलेज स्टार्चची लांब साखळी तोडत जातं. मॉल्टमधली अमायलेजं हेच काम साधारण ६२ ते ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात करतात. त्यातलं बीटा-अमायलेज साखळीच्या टोकाकडून दोन-दोन ग्लुकोज काढत जातं. या जोडीला माल्टोज म्हणतात. पण स्टार्चच्या साखळीला फांद्या असतात. फांदीचा सांधा आला की बीटा-अमायलेज थांबतं, आणि सांध्याच्या आजूबाजूचा खुंट तसाच राहतो. असे खुंट म्हणजे डेक्स्ट्रिन. पुढे हे पाणी उकळलं जातं, त्यात विकरं मरतात, आणि डेक्स्ट्रिन जसेच्या तसे राहतात. साध्या यीस्टला ग्लुकोज, माल्टोज आणि तीन ग्लुकोजची माल्टोट्रायोज एवढंच पेशीत घेता येतं. चार किंवा जास्त कड्या असल्या की दार बंद. त्यामुळे साध्या बिअरमध्ये मूळच्या कर्बोदकांपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा न आंबता उरतो. ब्रुअरच्या मोजपट्टीवर सुरुवातीची घनता १.०५० असेल तर साधी बिअर १.०१२ च्या आसपास थांबते. सेझाँ १.००२ पर्यंत खाली जाते, म्हणजे जवळपास पाण्याइतकी.

हे जमतं कारण सेझाँच्या बहुतेक यीस्टकडे एसटीए-१ हा जनुक असतो. तो ग्लुकोअमायलेज नावाचं विकर बनवतो, आणि यीस्ट हे विकर पेशीबाहेर सोडतं. बाहेरच्या द्रवात ते डेक्स्ट्रिनच्या टोकाकडून एकेक ग्लुकोज सुटं करत राहतं. (फांदीच्या सांध्यावर तेही अडखळतं, पण तोवर बराच खुंट खाऊन झालेला असतो.) अशा यीस्टला डायास्टॅटिकस म्हणतात. बिअर अवाजवी आंबवणारे हे जीव १९५२ मध्ये अँड्र्यूज आणि गिलिलँड यांनी वर्णन केले.

आता हा जनुक आला कुठून? तो दोन जुन्या जनुकांच्या तुकड्यांपासून जुळून आलेला आहे. एसजीए-१ नावाचा जनुक साध्या यीस्टमध्येही असतो आणि तोही ग्लुकोअमायलेजच बनवतो, पण उपासमारीत बीजाणू तयार करताना, आणि पेशीच्या आतल्या आत, साठवलेलं ग्लायकोजेन फोडायला. दुसरा एफएलओ-११. त्याचं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर जातं आणि पेशींना एकमेकींना किंवा पृष्ठभागाला चिकटायला मदत करतं. त्यासाठी त्याच्या सुरुवातीला 'मला बाहेर पाठवा' असं सांगणारा क्रम असतो, पार्सलवरच्या पत्त्यासारखा. कधीतरी एफएलओ-११ चा पुढचा भाग एसजीए-१ च्या मागच्या भागाला येऊन जुळला. पत्ता बाहेरचा, माल आतला. घरात पडून असलेलं हत्यार त्या दिवसापासून बाहेर वापरात आलं.

या जोडकामात एफएलओ-११ चं नियंत्रणही सोबत आलं. जनुकाच्या आधी प्रमोटर नावाचा डीएनएचा पट्टा असतो. जनुक कधी चालू व्हायचा ते तिथे चिकटणाऱ्या प्रथिनांवर ठरतं. ग्लुकोज मुबलक असताना हा पट्टा दबलेला राहतो. म्हणजे सोपी साखर आहे तोवर एसटीए-१ गप्प, ती संपत आली की जागा. शिवाय एसटीए-१ असूनही काही यीस्ट डेक्स्ट्रिन जेमतेमच खातात. २०१९ मध्ये त्याचं कारण सापडलं: त्यांच्या प्रमोटरमधले ११६२ बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं, गायब असतात. जनुक शाबूत, पण त्याला चालू करणाऱ्या प्रथिनांना बसायची जागाच कापली गेलेली. म्हणून आता ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत नुसता जनुक आहे का एवढं बघून भागत नाही, हा तुकडा आहे की नाही तेही बघावं लागतं.

इथवर ज्यांचं डोकं गरगरलं असेल त्यांनी एवढंच धरावं: सेझाँचं यीस्ट बाकीच्या यीस्टचं उष्टं खातं.

हेच यीस्ट भलत्या ब्रुअरीत शिरलं तर मात्र संकट. बाटलीबंद केलेल्या गोडसर बिअरमध्ये त्याच्या चार पेशी राहिल्या तरी त्या निवांतपणे डेक्स्ट्रिन खात बसतात. एका लिटरमध्ये ४ ग्रॅम साखर आंबली की सुमारे २ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे बिअरच्या आकारमानाएवढा वायू. साध्या बिअरमध्ये आधीच अडीचपट वायू असतो. लिटरमागे १२ ग्रॅम डेक्स्ट्रिन आंबले तर तो साडेपाचपटीवर जातो, आणि साधी बाटली त्यासाठी बनवलेली नसते. अशा फसफसणाऱ्या, फुटणाऱ्या बाटल्यांपायी ब्रुअऱ्यांना माल परत मागवावा लागला आहे आणि प्रकरणं कोर्टातही गेली आहेत. द्युपाँची मोठी बाटली जाड काचेची, बूच आणि वर तारेची जाळी लावलेली असते, कारण सेझाँमध्ये मुळातच वायू जास्त ठेवतात.

तो वायूच मिरीचा धागा पुढे नेतो. कार्बन डायऑक्साइड तोंडातल्या ओलाव्यात विरघळून कार्बोनिक आम्ल बनतं आणि वेदना जाणवणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. झिणझिण्या बुडबुडे फुटल्याने येतात असं वाटतं, पण दाबाच्या खोलीत बुडबुडेच होऊ दिले नाहीत तरी त्या तशाच येतात, हे प्रयोगाने दिसलं आहे. लवंगेच्या जातीचा वास, हॉप्सचा कडवटपणा, गोडवा नाही आणि वर ही चुणचुण: एवढं एकदम मिळालं की मेंदू त्याला मिरी म्हणून मोकळा होतो. पडताळा घरी घेता येतो. सेझाँ द्युपाँ दोन पेल्यांत ओता. त्यातला एक चमच्याने ढवळून फेस पूर्ण मरेपर्यंत ठेवा, मग दोन्ही एकाच तापमानाला चाखा. मेलेल्या पेल्यात मिरी जवळजवळ नाहीशी होते, लवंग राहते. हेच पिपेच्या बाटलीचं केलं तर मिरी बऱ्यापैकी टिकून असते, कारण तिथे ती खरी आहे.

तुलना करायची तर बाटली दिसता कामा नये. पाहुण्याला एकदा 'बेल्जियमची खास' असं सांगितलं की त्याच्या जिभेचा भरवसा संपला. रंगही फसवतो. यावर आपल्या स्वयंपाकघरात फुकटचा उपाय आहे: स्टीलचे पेले. वर बशी झाकली की वासही धरून राहतो. फ्रीजमधून थेट काढलेल्या बिअरचा वास दबतो, म्हणून १० ते १२ अंशांवर येऊ द्या. बाटली तिरकी धरून सावकाश ओता. तळाचा गाळ शेवटच्या पेल्यात उतरला तर त्या पेल्याची चवच वेगळी होते आणि तुलना बिघडते.

कोणी छाती ठोकून 'मला दोन सेझाँ सहज ओळखता येतात' म्हणालं तर त्रिकोणी चाचणी लावा. तीन पेले, दोघांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला ओळखायचा. ओतणारा वेगळा हवा आणि त्याने समोर बसू नये. नुसत्या अंदाजाने दर वेळी तीनात एक संधी असते. सहा फेऱ्यांत चार बरोबर आले तर टाळ्या वाजवू नका, दहातला एक माणूस नशिबावर तेवढं करतो. पाच आले तर मानायला हरकत नाही. नशिबाने ते होण्याची शक्यता २ टक्क्यांहून कमी. घोट चमचाभरच घ्या, नाहीतर सहाव्या फेरीपर्यंत आकडेमोड बाजूला राहील. महाराष्ट्रात हे करणाऱ्यांनी वयाची २१ वर्षं आणि परवाना या दोन गोष्टी आठवाव्यात. घरी बिअर बनवायच्या भानगडीत तर पडूच नये, तिथे तो गुन्हा आहे.

सेझाँभोवती गोष्टीही फार विकल्या जातात. वालोनियातले, म्हणजे बेल्जियमच्या त्या फ्रेंचभाषक भागातले, शेतमजूर सुगीत दिवसाला पाच लिटर सेझाँ पीत, ही त्यातली लाडकी. आजच्या ६.५ टक्क्यांच्या हिशोबाने पाच लिटरमध्ये अडीचशे ग्रॅमहून जास्त शुद्ध अल्कोहोल होतं. एवढं पोटात घेऊन कोणी विळा चालवणार नाही; खरंच पीत असतील तर ती बिअर फार हलकी असणार. अलीकडची टूम म्हणजे गाळ असलेली, 'जिवंत यीस्टची' बिअर पोटाला चांगली. पोटाच्या औषधात वापरतात ते यीस्ट वेगळ्या वाणाचं असतं आणि ते दारूत कालवून देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत अल्कोहोल १९८८ पासून कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे. शेतावरची म्हणून त्याला सूट नाही.

बाटली विकत घेताना एक बघा. द्युपाँची काच बऱ्याचदा हिरवी असते, आणि हिरवी काच निळा प्रकाश पुरेसा अडवत नाही. तो प्रकाश आणि बिअरमधलं रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) मिळून हॉप्सच्या कडू रेणूचा तुकडा पाडतात, त्याला गंधकाची जोड मिळते आणि एक थायॉल तयार होतो. लिटरमध्ये त्याचे काही नॅनोग्रॅम असले तरी जळक्या रबरासारखा उग्र दर्प येतो, आणि मग लवंगही कळत नाही, मिरीही नाही. दुकानात ट्यूबलाइटखाली मांडून ठेवलेली घेऊ नका. बंद खोक्यातली मागा.